धुमसणाऱ्या एका शब्दाचा इतिहास

१/ ज्वाळा न उठता आतल्या आत जळत राहण्याला इंग्रजीत ‘स्मोल्डर’ म्हणतात; आपण ‘धुमसणे’ म्हणतो. गंमत अशी की, या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘जळणे’ नव्हताच. शिवाय मधल्या काळात तो भाषेतून जवळजवळ विझला होता.

२/ चौदाव्या शतकात ‘स्मोल्डर’ हे नाम होते. अर्थ : श्वास कोंडणारा धूर. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात माणसाला घराबाहेर पिटाळणाऱ्या तीन गोष्टी येतात : कजाग बायको, गळके छप्पर आणि डोळ्यांत शिरणारा हा धूर. सामान्य घरांत तेव्हा धुराडे नसे. चुलीचा धूर घरातच कोंडे.

३/ क्रियापदाचा जुना अर्थही ‘गुदमरवणे’ असाच. ‘ज्वाळेविना जळणे’ हा अर्थ सोळाव्या शतकात रूढ झाला. शब्द धुरापासून आगीकडे सरकला.

४/ २ सप्टेंबर १६६६. लंडनच्या पुडिंग लेनमधील एका बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. जॉन ड्रायडनने १६६७च्या ‘आनुस मिराबिलिस’ या काव्यात बंद खोलीत गुपचूप वाढणाऱ्या त्या आगीसाठी हाच शब्द योजला. त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे सहा महिने उलटल्यावरही, काही तळघरांतून धूर निघत असल्याची नोंद सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत आहे.

५/ १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशात ड्रायडनचा दाखला दिला. पण हे क्रियापद वापरात आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसल्याचेही नमूद केले. ‘धुमसता’ हे विशेषण तेवढे कवितेत तगून होते.

६/ एकोणिसाव्या शतकात क्रियापद पुन्हा पेटले. आता ते मनात दाबलेल्या रागालाही लागू झाले. मराठीतही असंतोष धुमसतोच.

७/ विज्ञान मात्र जुन्याच अर्थाकडे नेते. धुमसताना ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक तयार होतो. अशी आग जाळण्याआधी गुदमरवते. ‘धुमसणे’ या शब्दातही ‘धूम’ म्हणजे धूरच आहे. दोन्ही भाषांनी या आगीला नाव दिले ते तिच्या धुरावरून. आणि जीवघेणा असतो तो धूरच.