४१५ची रेघ आणि अ‍ॅना मणी

बार्शीटाकळीहून बोलतोय. लग्नसराई तोंडावर आलीय आणि घरोघरी एकच घोळ चाललाय: अंगठीतला हिरा खाणीतला का लॅबमधला? डोळ्यानं काही समजत नाही बाप्पा. दोन्ही कार्बनच, चमक तीच, कडकपणा तोच. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मग मशीनला कसं समजतं? हे शोधत गेलो, तर थेट १९४०च्या बंगळुरात पोचलो.

तिथं सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी नावाची तरुण मुलगी संशोधनाला आली. मूळची त्रावणकोरची. घरची रीत अशी, की मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या. हिनं कुड्या नको म्हटलं आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागून घेतला. अन् नशीब बघा, पुढं पाच वर्षं हिरेच बघत बसली!

रामन यांच्याकडं शेकडो हिरे जमलेले. त्यातले तीसेक अ‍ॅनाबाईंनी तपासले. हिरा द्रवरूप हवेनं गार करायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि हिऱ्यातून निघणारा मंद उजेड स्पेक्ट्रोग्राफमधून काचेच्या फोटोप्लेटवर घ्यायचा. काही हिऱ्यांचा उजेड इतका कमी, की एका प्लेटला १५ ते २० तास. रात्र-रात्र जागायचं. आपलं बिल्ड दहा मिनिटं लटकलं तर आपण चहाला पळतो! निळसर चमकणाऱ्या हिऱ्यांच्या प्लेटवर एक बारीक रेघ उठायची, ४१५ नॅनोमीटरला, जांभळ्या भागात.

रामन म्हणायचे, हा उजेड हिऱ्याच्या स्वतःच्या रचनेतून येतो, भेसळीतून नाही. ते टिकलं नाही. १९५९ साली अमेरिकेत कैझर आणि बाँड यांनी दाखवलं, की बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजन असतो. पुढं कळलं, की ४१५ची रेघ म्हणजे अणूंच्या जाळीतली एक रिकामी जागा आणि तिच्याभोवती नायट्रोजनचे तीन अणू. निदान बदललं, लॉग तोच राहिला.

आता मशीनकडं या. नायट्रोजनचे अणू असे एकत्र यायला जमिनीच्या पोटात, प्रचंड उष्णतेत, कोट्यवधी वर्षं जातात. लॅबमधला हिरा काही दिवसांत किंवा आठवड्यांत तयार. त्याला तेवढी सवड कुठं? म्हणून त्यात ही रेघ सहसा नसते. डी बिअर्सचं डायमंडशुअर मशीन नेमकं हेच बघतं. रेघ दिसली, पास. नाही दिसली तर लगेच लॅबचा म्हणायचं नाही, कारण काही खाणीतले हिरेही जवळपास नायट्रोजनविना असतात. मग पुढची तपासणी. वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यात बऱ्याचदा ७३७ला सिलिकॉनची रेघ सापडते. हिरा वाढवतात त्या यंत्राच्या काचेतलं सिलिकॉन आत शिरलेलं असतं.

आणि अ‍ॅनाबाई? १९४५ला त्यांनी मद्रास विद्यापीठाकडं प्रबंध दिला. एमएस्सी नाही, म्हणून पीएचडी नाकारली. वाचून डोकंच सटकलं माझं. मग त्या इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, जागा मिळाली हवामानाच्या उपकरणांत. १९४८ला परतल्या त्या आपल्या पुण्यात, हवामान खात्यात. तिथं शंभरेक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली, देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभारली. तो प्रबंध मात्र बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, ज्यांना पदवी मिळाली त्यांच्या प्रबंधांच्याच रांगेत.