यूट्यूब व्हिडिओत गाणं वापरलं तर पैसे कोणाला मिळतात?

गणपतीच्या मिरवणुकीचा व्लॉग टाकला, व्ह्यूज पण बरे आले, आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूब स्टुडिओत बघतो तर कॉपीराइट क्लेम! गाणं तुम्ही लावलंच नव्हतं, मागे डीजेवर वाजत होतं. तरीही क्लेम येतो, कारण यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टीम फक्त आवाज जुळवून बघते. गाणं एडिटिंगमध्ये टाकलं की रस्त्यावर रेकॉर्ड झालं, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

घाबरून लगेच व्हिडिओ डिलीट करू नका. क्लेम आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम आला की गाण्याचा मालक, म्हणजे सहसा म्युझिक कंपनी, ठरवते काय करायचं. व्हिडिओ चालू राहून जाहिरातीचे पैसे कंपनीला जाऊ शकतात, किंवा व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो. स्ट्राइक येतो तो मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावल्यावर. 90 दिवसांत असे तीन स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं. 1000 सबस्क्रायबर आणि 4000 तासांचा वॉच टाइम जमवून मॉनेटायझेशन मिळवलेलं असतं, ते सगळं मग पाण्यात.

"10 सेकंद वापरलं तर चालतं" हा नियम कुठेही नाही. डिस्क्रिप्शनमध्ये गायकाचं नाव लिहिलं म्हणजेही परवानगी मिळत नाही.

आता जुन्या गाण्यांचं. भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, आणि रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं. म्हणून तुकाराम महाराजांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण त्याचं कॅसेटवरचं रेकॉर्डिंग कंपनीचं असू शकतं. अभंग स्वतःच्या चालीत स्वतः गायलात तर प्रश्नच नाही. (गाता येत असेल तर!)

शॉर्ट्सचं गणित निराळं आहे. तिथल्या लायब्ररीतलं एक गाणं वापरलं, तर त्या शॉर्टच्या वाट्याची निम्मी रक्कम म्युझिकच्या हक्कांसाठी बाजूला निघते. उरलेली निम्मी क्रिएटर्सच्या हिश्शात जमा होते, आणि त्यातून तुमच्या वाट्याला जे येईल त्याचे 45 टक्के तुम्हाला मिळतात.

मोठ्या व्हिडिओसाठी यूट्यूब स्टुडिओतली ऑडिओ लायब्ररी वापरा. काही ट्रॅक्सना क्रेडिट द्यावं लागतं, ते तिथेच लिहिलेलं असतं. व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून अपलोड करा आणि 'चेक्स' पूर्ण होईपर्यंत थांबा. क्लेम दिसलाच तर स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापता येतो, गाणं बदलता येतं किंवा म्यूट करता येतं. मिरवणुकीच्या व्लॉगला हाच उपाय.

तुमच्याकडे खरंच लायसन्स असेल तर डिस्प्यूट करा, तेही पाच दिवसांच्या आत, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवली जाते. कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस असतात. लायसन्स नसताना उगाच डिस्प्यूट केला, तर कंपनी थेट व्हिडिओ काढायची तक्रार करू शकते, आणि मग साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो.