बांदोडकर, दयानंद बाळकृष्ण
(१२ मार्च १९११–१२ ऑगस्ट १९७३). गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे संस्थापक व एक उद्योजक. भाऊसाहेब या नावाने ते गोव्यात सर्वत्र परिचित होते. त्यांचा जन्म उत्तर गोव्यातील पेडणे येथे गोमंतक मराठा समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. लहानसहान व्यवसाय करीत पुढे ते खाणधंद्यात शिरले. १९५० नंतरच्या दशकात गोव्यातील लोहखनिजाची निर्यात, विशेषतः जपानला होणारी निर्यात, झपाट्याने वाढली व या काळात बांदोडकरांनी मोठी संपत्ती मिळविली. तिचा बराच भाग त्यांनी शाळा, मंदिरे आणि सामाजिक संस्था यांना देणगीरूपाने दिला. राजकारणात येण्यापूर्वीच दाता म्हणून त्यांचा लौकिक खेडोपाडी पोहोचला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. मुक्तीनंतर या प्रदेशाच्या राजकीय भवितव्याचा प्रश्न पुढे आला. गोव्याचे वेगळेपण राखले जाईल, असे आश्वासन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी दिले होते. उलट, भाषा, धर्माचार आणि नातेसंबंध यांच्या आधारे गोवा हा महाराष्ट्राचाच भाग आहे, असे मानणारा मोठा वर्ग गोव्यात होता. या वर्गाच्या आकांक्षेला संघटित रूप देण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला व बांदोडकर त्याचे नेते झाले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे पक्षाचे पहिले उद्दिष्ट होते. कोकणी ही मराठीची बोली आहे, अशी पक्षाची भूमिका होती. विलीनीकरणाच्या विरोधकांनी डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड गोवन्स पक्षाची उभारणी केली.

या पक्षाचे बळ केवळ भाषिक भावनेत नव्हते. गोव्यातील शेतजमीन व बागायती यांची मालकी प्रामुख्याने भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, होती. कुळे त्यांची जमीन कसत, तर मुंडकार त्यांच्या जमिनीवर घर बांधून राहत. घराखालची जमीन परक्याची असल्यामुळे मुंडकाराच्या डोक्यावर घर सोडावे लागण्याची टांगती तलवार असे. शिक्षण, नोकऱ्या व देवस्थानांचा कारभार यांतही बहुजन समाजाला फारसे स्थान नव्हते. अशा लोकांना विलीनीकरण म्हणजे जुन्या वर्चस्वातून सुटका असे वाटत होते. महाराष्ट्रात कूळकायदा झाला होता व बहुजन समाजाचे नेते सत्तेवर होते. विलीनीकरणाच्या मागणीला नव्या काबिजादींतील खेड्यांत जो पाठिंबा मिळाला, त्याचे एक प्रमुख कारण हे होते.

९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक झाली. प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर गोमंतकीयांनी आपले प्रतिनिधी निवडण्याचा हा पहिलाच प्रसंग. विधानसभेच्या ३० जागांपैकी २८ गोव्यातील होत्या. त्यांपैकी १६ जागा मगो पक्षाने व त्याच्या सहकाऱ्यांनी आणि १२ जागा युनायटेड गोवन्स पक्षाने जिंकल्या. केंद्रात सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकरांनी स्वतः ही निवडणूक लढविली नव्हती. तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकई मतदारसंघातील पोटनिवडणुकीत ते विधानसभेवर निवडून आले.

त्यांच्या मंत्रिमंडळाने १९६४ मध्ये कूळकायदा केला. या कायद्याने कुळांना जमिनीवरून काढून टाकण्यास आळा बसला आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एकषष्ठांश ठरली. प्राथमिक शिक्षणाचा विस्तार हे त्यांच्या कारकीर्दीतील दुसरे महत्त्वाचे कार्य होय. पोर्तुगीज राजवटीत सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज भाषेत दिले जाई व मराठी शाळा मुख्यतः लोकाश्रयावर चालत. बांदोडकरांच्या काळात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आडवळणाच्या खेड्यांपर्यंत पोहोचल्या. शिकलेल्यांची पहिली पिढी ज्या घरांत तयार झाली, ती घरे पुढे अनेक वर्षे पक्षाशी एकनिष्ठ राहिली.

विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मगो पक्षाने बहुमताच्या बळावर संमत करून घेतला. मात्र इतका मोठा निर्णय साध्या बहुमतावर न घेता जनतेलाच विचारावे, असा आग्रह विरोधकांनी धरला. अखेर केंद्र सरकारने जनमत कौलाचा मार्ग स्वीकारला व त्यासाठी संसदेने १९६६ साली कायदा केला. सत्ताधारी पक्षाच्या हाती शासनयंत्रणा असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, या विरोधकांच्या आक्षेपामुळे बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. आपल्या पक्षाच्या मुख्य प्रश्नाचा निर्णय व्हावा म्हणून सत्ता सोडण्याचा हा प्रसंग त्यांच्या कारकीर्दीत उल्लेखनीय ठरतो.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल व केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत विलीनीकरणास अनुकूल मत पडले, तर ख्रिस्ती लोकवस्ती अधिक असलेल्या जुन्या काबिजादींतील मत प्रतिकूल पडले. तथापि केवळ धर्मभेदाने या निकालाचा उलगडा होत नाही. हिंदू समाजातील कोकणीवादी, तसेच मोठ्या राज्यात गोवा हा एक लहानसा जिल्हा होऊन राहील, नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, अशी भीती वाटणारे अनेक मतदार विरोधात गेले. महाराष्ट्रातील दारूबंदीची धास्ती माडाच्या रसावर पोट भरणाऱ्या रेंदेरांना होती. गोमंतक हे दैनिक विलीनीकरणाचा, तर राष्ट्रमत हे दैनिक विरोधाचा पुरस्कार करीत होते. दोन्ही पत्रे मराठीच होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या पराभवाने पक्ष संपुष्टात येईल, असा अनेकांचा कयास होता; पण तो खरा ठरला नाही. मार्च १९६७ मध्ये झालेल्या निवडणुकीत मगो पक्षास पुन्हा १६ जागा मिळाल्या आणि ५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. अवघ्या अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी दिलेले हे दोन कौल परस्परविरोधी वाटतात. त्यांचा अर्थ असा, की ज्यांना विलीनीकरण नको होते त्यांपैकीही काहींना कुळांचे संरक्षण, शाळा आणि बहुजनांच्या हातची सत्ता हवी होती. पक्षाचे नाव ज्या उद्दिष्टावरून पडले, ते उद्दिष्ट लोकांनी नाकारले आणि पक्ष मात्र स्वीकारला. बांदोडकरांनीही कौल मान्य करून आपले लक्ष प्रदेशाच्या विकासाकडे वळविले. कला अकादमीची स्थापना १९७० साली त्यांच्याच कारकीर्दीत झाली. फुटबॉलचे ते चाहते होते व त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा पुढे प्रसिद्ध झाली.

त्यांच्या कार्यपद्धतीवर टीकाही झाली. पक्षाचा कारभार त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती केंद्रित झाला होता व स्वतंत्र संघटना फारशी उभी राहिली नाही, हा मुख्य आक्षेप होता. या असंतोषातून १९७० साली पक्षाच्या काही आमदारांनी बंड केले. तेव्हा युनायटेड गोवन्स पक्षातील फुटीर गटाच्या पाठिंब्यावर त्यांचे सरकार टिकले. १९७२ च्या निवडणुकीत मात्र पक्षाने १८ जागा मिळवून आपले बळ सिद्ध केले. खाणमालकाने कुळांचे नेतृत्व करावे, यातील विसंगती टीकाकारांनी दाखविली आहे. त्यांची संपत्ती जमीनदारीतून आलेली नसल्यामुळे भाटकारांच्या हितसंबंधांना विरोध करणे त्यांना शक्य झाले, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पणजीनजीक मिरामार येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, तर १९७६ मध्ये कूळकायद्यातील दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी देण्यात आली. १९७९ मध्ये हे सरकार कोसळले व पुढील वर्षी पक्षाची सत्ता गेली. जनमत कौलाने स्वतंत्र राहिलेल्या गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला.