नसलेल्या यंत्राचे सुटे भाग

गेल्या दिवाळीत माळ्यावरून आण्णांचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. २००२ सालचा, विंडोज एक्सपीवाला. निवृत्तीनंतर आण्णांनी त्यावर गावच्या घराच्या, पुराच्या, आजीच्या आठवणी टाइप केल्या होत्या, त्याही युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये. तो फाँट नसला की सगळी नुसती चिन्हांची रांगोळी! मशीन सुरू होईना, पण हार्ड डिस्क शाबूत होती. तिची प्रत काढून लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनला जोडली, तर निळा स्क्रीन.

तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, चूक माझीच. डिस्कचा प्रकार निवडताना यादीतला नवा 'व्हर्टआयओ' निवडला होता. एक्सपीला तो कुठला ओळखीचा असायला! 'आयडीई' केलं आणि ते ओळखीचं हिरवं माळरान समोर आलं.

मग ही यादी आली कुठून, याचा नाद लागला.

गोष्ट जुनी आहे मंडळी. आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० मध्ये प्रत्येकाला स्वतःचा काल्पनिक मेनफ्रेम मिळे, सोबत काल्पनिक कार्ड रीडर, पंच आणि प्रिंटर. एकाच्या पंचातून निघालेली कार्डं दुसऱ्याच्या रीडरमध्ये जात, कागदाचा कपटाही न लागता.

पीसीवर १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं. त्यातलं नेटवर्क कार्ड म्हणजे एएमडीच्या 'पीसीनेट'ची नक्कल. कारण सोपं: त्याचे ड्रायव्हर विंडोज-लिनक्सकडे आधीपासून होते. फाब्रिस बेलार्डच्या २००३ च्या क्यूईएमयूतही हाच विचार. त्यातला 'पीसी' इंटेलच्या १९९६ च्या ४४०एफएक्स चिपसेटवर बेतलेला आहे आणि तो आजही मिळतो. २००७ चा 'क्यू३५' नंतर शेजारी येऊन बसला.

पण खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्यात वेळ फार जातो. म्हणून रस्टी रसेलने सोंगच सोडलं. कधीच अस्तित्वात नसलेलं, फक्त व्हर्च्युअल मशीनसाठीच आखलेलं हार्डवेअर, ते व्हर्टआयओ. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते आलं. वेग मिळाला, अट एकच, पाहुण्याकडे त्याचा ड्रायव्हर हवा. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आणि नक्कल लिहून झाली म्हणजे काम संपत नाही. २००५ पासूनच्या लिबव्हर्टसारख्या व्यवस्थापकाला तो प्रकार शिकवावा लागतो: एक्सएमएलमध्ये त्याचं नाव काय, तो कुठल्या स्लॉटमध्ये बसणार. शिवाय पुढच्या वेळीही तो तिथेच सापडला पाहिजे, नाहीतर विंडोजला वाटतं नवीन कार्ड आलं. २०२१ साली विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागितली, आणि व्हर्च्युअलबॉक्सने २०२२ च्या ७.० आवृत्तीत तिची नक्कल दिली. या चिपच्या पोटात किल्ल्या असतात. मशीन दुसरीकडे हलवताना त्याही सोबत न्यायला हव्यात, नाहीतर कुलूपबंद डिस्क उघडायची कशी?

जुनं सांभाळण्याची किंमतही असते. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचं भगदाड जाहीर झालं. कुठे? क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये! २००४ पासूनची चूक, आणि फ्लॉपी जोडलेली नसली तरी धोका होताच. तेव्हा 'जुने भाग काढून टाका' म्हणणारे चुकीचे नाहीत.

पण मी त्या रात्री आण्णांची पुराची फाइल वाचत बसलो होतो. कुणीतरी आयडीईची ती जुनाट नक्कल अजून जिवंत ठेवली, म्हणून. ज्यांनी ठेवली त्यांना आण्णा माहीत नव्हते, आणि आण्णांना ते.

असो. आता रोज एक पान युनिकोडमध्ये टाइप करतोय. आत्या, आजीचं प्रकरण झालं की आधी तुलाच पाठवतो. त्यातली दोन नावं मला लागत नाहीयेत, तेवढी सांग.