घरात पुस्तकं किती?

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना गणित-विज्ञानाच्या जोडीला एक अगदी घरगुती प्रश्न असतो : तुझ्या घरी पुस्तकं किती? सोबत सूचनाही असते. एक मीटर फळीवर साधारण ४० पुस्तकं मावतात. मासिकं, वर्तमानपत्रं आणि शाळेची पुस्तकं धरू नयेत. या उत्तराला गुण नाहीत. मग परीक्षा घेणाऱ्याला ही उठाठेव कशाला?

या चौकशीला मान मिळवून दिला तो केमिकल इंजिनीअरिंग शिकून समाजशास्त्राकडे वळलेल्या एका अमेरिकन माणसाने. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या ४०२व्या कलमाने सरकारला बजावलं होतं, की शिक्षणाच्या समान संधी कुणाला नाकारल्या जातात याचा अहवाल दोन वर्षांत द्या. काम आलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जेम्स कोलमन यांच्याकडे.

तोवर शाळेचं मूल्यमापन म्हणजे बहुतेक सामानाची यादी. ग्रंथालय आहे का, प्रयोगशाळा आहे का, वर्गात मुलं किती, शिक्षकांच्या पदव्या कोणत्या. काळ्या मुलांच्या शाळांना सगळंच कमी मिळतं, म्हणून ती मागे पडतात, हे अनेकांनी गृहीतच धरलं होतं. कोलमन यांनी यादी केलीच. पण मूल प्रत्यक्षात काय शिकलं तेही तपासलं आणि त्याच्या घरातही डोकावून पाहिलं. आईवडील किती शिकले? घरी फ्रीज, टेलिफोन, मोटार, व्हॅक्यूम क्लीनर आहे का? शब्दकोश? रोजचं वर्तमानपत्र? सुमारे ४,००० शाळांतल्या जवळपास ६ लाख मुलांची चाचणी झाली.

जुलै १९६६मध्ये ७३७ पानांचा अहवाल आला आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. शाळांच्या साधनांमधली तफावत अपेक्षेपेक्षा कमी निघाली, मुलांच्या गुणांमधली मात्र मोठी. तिचा उलगडा साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीने आणि सोबतच्या वर्गमित्रांनी जास्त होत होता. ‘मग शाळांवर पैसा ओतायचा कशाला?’ असं म्हणायला काही जण टपलेलेच होते. त्यांनी वर्गमित्रांबद्दलचा भाग सोयीने वगळला. काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवावं असं म्हणणाऱ्यांनी नेमका तोच उचलला.

खरी मेख होती आकडेमोडीत. सुस्थितीतल्या घरातलं मूल बहुधा चांगल्या शाळेत जातं, म्हणजे घर आणि शाळा एकमेकांत गुंतलेली. दोघांच्या सामाईक श्रेयाचं काय करायचं? गणितात जो घटक आधी घ्याल, त्याच्या पदरात ते पडतं. कोलमन यांनी घर आधी घेतलं. सॅम्युअल बोल्स आणि हेन्री लेव्हिन या अर्थतज्ज्ञांनी १९६८मध्ये यावरच बोट ठेवलं, आणि ते रास्त होतं.

पुढे १९८३मध्ये स्टीफन हाइनमन आणि विल्यम लॉक्सली यांनी भारतासह २९ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा चित्र उलटं दिसलं : देश जितका गरीब, तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं.

आपल्याकडे ही परंपरा ‘असर’ने वेगळ्या वाटेने चालवली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेचं हे सर्वेक्षण २००५पासून मुलांची चाचणी शाळेत नव्हे, थेट खेड्यातल्या घरी घेतं. मूल दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून दाखवतं, आणि सर्वेक्षकाच्या कागदावर घर पक्कं की कच्चं, वीज आहे का, आई शाळेत गेली होती का, याच्याही नोंदी होतात. शाळेत न जाणारं मूलही यात सुटत नाही. शाळेत घेतलेल्या चाचणीला ते सापडलंच नसतं.

दहावीचा निकाल मात्र अजून जुन्याच पठडीत लागतो. विभागवार टक्केवारी कळते, मुलगे-मुलींची कळते, नियमित आणि पुनर्परीक्षार्थींचीही. आई किती शिकली होती, यानुसार निकाल कधी जाहीर होत नाही.