आजारी नसलेल्या बाईचं काय?

एप्रिल 2020. विचुंब्यात माझ्या वहिनीला आठवा महिना लागला होता. रोज संध्याकाळी मोबाईलवर कोरोना रुग्णांची यादी यायची. तिचे दोन भाग असायचे: पनवेल महापालिका आणि पनवेल ग्रामीण. आमचं गाव दुसऱ्या भागात. नवीन पनवेलला खेटून असलं, तरी 2016 मध्ये झालेल्या महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. एरवी ही हद्द कुणाला जाणवतही नाही. बाजार, कॉलेज, डॉक्टर, सगळं पलीकडेच.

पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय तेव्हा कोविडसाठी राखीव झालं होतं. वहिनीचं नाव घातलेलं खासगी नर्सिंग होम बंद. दुसऱ्या ठिकाणी दारातच सांगितलं, "आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा." लोकल बंद, रिक्षा मिळेना. दादा वैतागून म्हणाला, "ही आजारी नाही म्हणून सरकारीत जागा नाही, आणि आजारी नसल्याचा कागद नाही म्हणून खासगीत नाही."

ते वाक्य डोक्यात राहिलं. राज्यात 13 मार्चला लागू झालेला साथरोग कायदा मी नंतर वाचला. ब्रिटिशांनी तो फेब्रुवारी 1897 मध्ये, मुंबईच्या प्लेगच्या वेळी केला होता. जेमतेम पानभराचा. रेल्वेचे प्रवासी तपासा, संशयितांना वेगळं ठेवा, न ऐकणाऱ्याला शिक्षा करा. साथ चालू असताना बाळंतपणं कुठे होतील, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. 22 एप्रिल 2020 ला त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. गरजेची होतीच. प्रसूती आणि लसीकरण चालू ठेवा, हे केंद्राने 14 एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं होतं. पण त्या सूचना आमच्यासमोरच्या बंद दारापर्यंत पोचल्या नव्हत्या.

हा कायदा आला आणि सव्वा महिन्यात, 10 मार्च 1897 ला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. तो दवाखाना त्यांच्या मुलाचा, डॉ. यशवंत यांचा होता. आणि यशवंत जन्मले होते ते जोतिराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात, एका विधवा आईच्या पोटी. जिला बाळंतपणासाठी कुठलंच दार उघडं नव्हतं, तिच्यासाठी त्यांनी दार उघडलं. तिथे जन्मलेलं मूल पुढे साथीत रोग्यांवर उपचार करत होतं. साथीतली सेवा आणि बाळंतिणीची सेवा या घराने वेगळी मानलीच नाही.

2020 मध्ये हे दोन्ही एकाच बाईच्या गळ्यात पडलं. आमच्या आशाताई सकाळी घरोघरी ताप मोजायच्या आणि जाता जाता वहिनीचे पाय सुजलेत का बघायच्या. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. कोविडच्या कामाचा योग्य मोबदला, ही त्यांची एक मागणी होती.

मे महिन्यात कुणाच्या तरी ओळखीने एका नर्सिंग होममध्ये जागा मिळाली आणि पुतणी झाली. तिच्या लसीच्या कार्डावर दीड महिन्याच्या डोससमोर दोन तारखा आहेत, द्यायची आणि दिल्याची. मध्ये पाच आठवडे आहेत. दुसरी तारीख आशाताईंच्या हस्ताक्षरात आहे. लस कुठे चालू झाली, हे सांगायला त्याच आल्या होत्या, चालत.