जपानी माहजोंगमधील 'प्रतीक्षा' : नियम आणि खेळाडूवृत्ती यांचा इतिहास

खेळाचे नियम हे सामाजिक इतिहासाचे साधन होऊ शकते, याकडे अभ्यासकांचे लक्ष तसे उशिराच गेले. राजाज्ञा, ताम्रपट, पत्रव्यवहार यांच्या तुलनेत खेळातील गुणांची कोष्टके क्षुल्लक वाटतात. परंतु कोणत्या धाडसाला किती गुण द्यावयाचे, हे ठरविताना खेळणारा समाज स्वतःच्या मूल्यांचीही नोंद करीत असतो. प्रस्तुत लेखात जपानी माहजोंगमधील 'माची', म्हणजे डाव पूर्ण करणाऱ्या अखेरच्या सोंगटीची प्रतीक्षा, या एकाच घटकाचा या दृष्टीने विचार केला आहे. प्रतीक्षेच्या मूळ आकृती चीनमधून आल्या आणि आजही त्या फारशा बदललेल्या नाहीत. बदलली ती त्या प्रतीक्षेची किंमत आणि तिची गुप्तता.

माहजोंगच्या जपानी संचात 34 प्रकारच्या प्रत्येकी चार, अशा 136 सोंगट्या असतात. खेळाडूच्या हाती 13 सोंगट्या असतात. पाळी आली की एक उचलावयाची व एक टाकावयाची. चार गट (तीन अंकांचे क्रम किंवा तीन सारख्यांची त्रिके) आणि एक जोडी जमली की डाव लागतो. रमी खेळणाऱ्यास ही रचना परकी वाटणार नाही. एकच सोंगटी कमी असलेल्या अवस्थेस 'तेनपाइ' म्हणतात. या शब्दातील पहिल्या चिनी चित्राक्षराचा अर्थ 'ऐकणे' असा आहे. चिनी खेळाडू अखेरच्या सोंगटीची चाहूल 'ऐकतो', तर जपानी खेळाडू तिची 'वाट पाहतो'. हा केवळ भाषाभेद नव्हे, असे पुढील इतिहासावरून दिसते.

मूळ आकृती पाच. हाती 2-3 असतील तर 1 किंवा 4 चालतो. ही दुहेरी प्रतीक्षा 'र्‍यानमेन' होय, व तिला आठ सोंगट्या उपयोगी पडतात. 4-6 मधील 5 ची प्रतीक्षा 'कानचान' आणि 1-2 पुढील 3 ची 'पेनचान'. या दोहोंत केवळ चार सोंगट्या कामाच्या. दोन जोड्यांपैकी एकीचे त्रिक होण्याची वाट पाहणे म्हणजे 'शानपोन', त्यातही चारच. जोडीतील दुसऱ्या सोंगटीसाठी थांबणे म्हणजे 'तांकी', अर्थात एकटा घोडेस्वार. त्याला तीनच सोंगट्यांचा आधार. यांच्या संयोगातून पुढची गुंतागुंत निर्माण होते. 2-3-4-5 या 'नोबेतान'मध्ये 2 व 5 मिळून सहा सोंगट्या चालतात. 2-2-2-3 ही किरकोळ दिसणारी रचना मात्र 1, 3 आणि 4 अशा तीन अंकांची, एकूण 11 सोंगट्यांची वाट पाहते. नवशिका खेळाडू त्यातील 1 आणि 4 हमखास विसरतो.

पारंपरिक चिनी गुणपद्धतीत जिथे एकच सोंगटी डाव पूर्ण करू शकते, अशा अरुंद प्रतीक्षेस दोन जादा गुण मिळत. जपानने हा नियम जपला. कानचान, पेनचान व तांकी यांना आजही दोन 'फू' मिळतात. अडचणीचा मोबदला द्यावा, हा त्यामागील न्याय सरळ आहे. त्याच पद्धतीतून 'पिनफू' हा विलक्षण डावही जन्मास आला. गटांतून, जोडीतून वा प्रतीक्षेतून एकही जादा गुण न मिळविणाऱ्या हातासच त्याच्या साधेपणाबद्दल बक्षीस. अरुंद प्रतीक्षा असली की दोन गुण येतात आणि साधेपणा भंगतो, म्हणून पिनफूसाठी प्रतीक्षा र्‍यानमेनच हवी. सर्वांत सोयीची प्रतीक्षा अशा रीतीने स्वतंत्रपणे सन्मानित झाली.

माहजोंग 1909 मध्ये जपानात आणल्याचे श्रेय सामान्यतः सिचुआनमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या नागावा हिकोसाकु या शिक्षकास दिले जाते. 1929 मध्ये स्थापन झालेल्या जपान माहजोंग महासंघाचे पहिले अध्यक्ष कादंबरीकार किकुची कान होते, यावरून खेळास सुशिक्षित वर्गात मिळालेली प्रतिष्ठा ध्यानी येते. त्या काळातील 'आरुशीआरु' पद्धतीत मात्र 'रीची' नव्हती. प्रतीक्षा ही खेळाडूची खाजगी बाब होती.

युद्धोत्तर काळात रीची रूढ झाली आणि या खाजगीपणास तडा गेला. उघड गट न केलेला खेळाडू तेनपाइ होताच तसे जाहीर करतो, हजार गुणांची काडी पटावर ठेवतो आणि त्यानंतर त्याला हातातील रचना बदलता येत नाही. वाट पाहणे जाहीर, कशाची वाट पाहणे मात्र गुप्त. पूर्वी दर पाळीस सुधारता येणारी प्रतीक्षा आता अटळ झाली.

याच्या जोडीला दुसरा नियम होता 'फुरितेन'चा. आपली प्रतीक्षा पूर्ण करणारी एखादी सोंगटी स्वतः आधी टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर डाव लावता येत नाही. पारंपरिक चिनी खेळात टाकलेल्या सोंगट्या पटाच्या मध्यभागी क्रमाविना पडत. जपानी खेळात त्या प्रत्येकासमोर सहा-सहाच्या ओळींत मांडल्या जातात. त्यामुळे प्रत्येकाचा भूतकाळ सर्वांस वाचता येतो. रीची करणाऱ्याने 5 टाकला असेल, तर 3-4 हाती घेऊन 2 व 5 यांची वाट तो पाहत नसणार. म्हणून त्याच वर्गाचा 2 तुलनेने निर्धोक. 1-4-7, 2-5-8, 3-6-9 या 'सुजी' वाचण्याची विद्या या नियमावर उभी आहे. फसवणूकही त्यातूनच येते. 1-3-5 मधील 5 टाकून 2 ची वाट पाहणे, हा 'हिक्काके' अर्थात सापळा. गणिताच्या दृष्टीने दुबळी असलेली कानचान येथे प्रतिपक्षाच्या शहाणपणामुळेच बळकट होते. चिनी वारशातील दोन गुणांहून हा मोबदला कितीतरी मोठा म्हणावा लागेल.

प्रतीक्षेभोवतीचे नैतिक वलय साहित्याने वाढविले. इरोकावा ताकेहिरो यांनी असादा तेत्सुया या टोपणनावाने (त्याचा ध्वनी 'सकाळ झाली, रात्र जागून काढली' असा) 1969 पासून 'माजान होरोकी' ही कादंबरी लिहिली. पराभूत, उद्ध्वस्त टोकियोतील जुगारी हे तिचे विश्व. प्रतिस्पर्ध्याचा हात ओळखणे म्हणजे माणूस ओळखणे, आणि नशिबाला 'ओघ' असतो, ही धारणा वाचकांच्या मनात तेथून खोल रुजली. 1948 च्या कायद्याने माहजोंगगृहे पोलिसी देखरेखीखालील मनोरंजन व्यवसायांत आली होती, त्यामुळे या वलयास एक काळी किनारही होती.

या धारणेवर पद्धतशीर आघात केला तो 'कागाकु सुरु माजान' या 2004 मधील पुस्तकाने. तोत्सुगेकी तोहोकु या टोपणनावाच्या लेखकाने खेळांच्या नोंदींच्या आकडेवारीवरून 'ओघ' नाकारला. प्रश्न नशिबाचा नसून उपयोगी सोंगट्या किती आणि गुण किती, याचा ठरला. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'सुफक्स' या प्रणालीने 'तेनहो' या ऑनलाइन व्यासपीठावर दहावी श्रेणी गाठली. तरीही आकडेवारीने वाचनाची विद्या मोडीत काढली, हे मत स्वीकारण्याजोगे नाही. हिक्काकेचे यश माणसे सुजीवर विश्वास ठेवतात यावर अवलंबून असते, आणि विश्वास ठेवण्याची ही सवयही मोजता येतेच.

2018 मध्ये सुरू झालेल्या 'एम-लीग' या व्यावसायिक स्पर्धेने जुगाराशी संबंध तोडल्याची जाहीर भूमिका घेतली. तिच्या प्रक्षेपणात चारही खेळाडूंचे हात प्रेक्षकांस दिसतात. कोणाची प्रतीक्षा कोणती आणि त्या सोंगट्यांपैकी किती शिल्लक आहेत, हे पडद्यावर आकड्यात उमटते. पटाभोवती बसलेल्या चौघांना मात्र अजूनही समोरच्या सहा-सहाच्या ओळीच वाचाव्या लागतात.